थंडीत नदीकाठाला भिंत घातली तर टिकते का?

तुमचा प्रश्न: वाशिष्ठीकाठी बाग आहे, दर पावसाळ्यात काठ खचतो, जानेवारीत काँक्रीटची भिंत घालायची आहे, पण थंडीत काँक्रीट धरत नाही म्हणतात ते खरं का?

ही भीती पाणी गोठतं तिथली. ताज्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि माल आतून फुटतो, म्हणून ५ अंशांखाली वेगळी काळजी घ्यावी लागते. चिपळुणात जानेवारीच्या पहाटे शाल पुरते. खुशाल घाला. पण मुळात भिंत का घालताय?

आमच्या मोठ्या काकांनीही घातली होती, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. मी म्हटलं, "काका, पाया नुसत्या वाळू-गोट्यांवर नको, खाली जाऊ." ते म्हणाले, "विहीर चिऱ्याचीच बांधलीय ना? आजोबांपासून उभी आहे." विहिरीतलं पाणी वाहत नाही, हे मी चार माणसांत बोललो आणि तिथेच बिनसलं. चिरा काळ्या दगडाहून हलका, शिवाय प्रवाहात झिजतो. त्यात भिंतीतून पाणी बाहेर यायला एक भोक ठेवलं नव्हतं. भोकांतून साप येतात म्हणे.

२२ जुलै २०२१ ला पाणी भिंतीवरून गेलं, तरी भिंत हलली नाही. काका माळ्यावरून मला ऐकवत होते. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि भिंत नदीकडे वाकली. पूर चढलेला असतो तेव्हा नदीचंच पाणी काठाला टेकू देतं. ते झपाट्यानं उतरलं की मागची माती चिंब, जड, आणि पुढे आधार नाही. बूड तर आधीच खरवडलेलं. तीन माड आणि पंपाची खोली भिंतीसकट गेली.

पुढच्या जानेवारीत मी गॅबियन घातले, म्हणजे दगड भरलेले तारेच्या जाळीचे पेटारे. काठ आधी उतरता केला, उभा ठेवला नाही. मागे जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, जाळीत काळा डबर, जाळीच्या भोकातून निसटणार नाही एवढा. आणि बुडाशी नदीच्या बाजूला दगडांचा जाड थर पसरला, म्हणजे तळ खरवडला की ते दगड आपोआप घसरून खड्ड्यात बसतात. खर्चाची ओढ लागली की मुकादम आधी हाच थर कापायला सांगतो. ऐकू नका.

थंडीचा खरा त्रास वेगळाच. कोयनेचं पाणी वीज करून कोळकेवाडीहून वाशिष्ठीत येतं, त्यामुळे नदी भर हिवाळ्यातही वर-खाली होते. सकाळी कोरडा खणलेला चर संध्याकाळी गुडघाभर भरलेला, पोकलेनचं भाडं चालूच. दोन दिवस नुसती पातळी बघा, मग मशीन बोलवा. गोवळकोटच्या खाली असाल तर भरतीही आहे. पाया उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) ओहोटीला खणा, पाणी सगळ्यात खाली तेव्हाच जातं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, जेव्हा ओहोटी कमी उतरते, कामाला हात लावू नका. आणि एक माणूस फक्त मगरीवर लक्ष ठेवायला.

मी इंजिनिअर नाही, हे आधी सांगायला हवं होतं. नदीपात्रात परवानगीशिवाय काही करू नका. तुमचा काठ घट्ट केला की प्रवाह समोरच्याचा कापतो, त्याच्याशी आधी बोला. आणि माझ्या गॅबियनचं वरचं टोक खचलंय, कारण तिथे कापड कमी पडलं आणि मी "चालेल" म्हटलं. त्याच्याच वर काकांनी लावलेली करंज आणि बांबूचं बेट आहे, तिथली माती पुरातही हलली नव्हती. हे मी घरी अजून बोललेलो नाही.

काका अजूनही पाहुण्यांना काठावर नेतात. "माझे चिरे बघा, एक फुटलेला नाही." खरं आहे. पाणी कमी असलं की नदीच्या मधोमध दिसतात.