सदनिका क्रमांक ॲरेतून कुठे जातात?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या थकबाकीच्या जुन्या नोंदी प्रत्येक विंगसाठी ‘402=1500;403=2200;शेरा=चेक=परत;’ अशा एकाच ओळीत साठवलेल्या आहेत. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत त्यांचा की-व्हॅल्यू ॲरे (प्रत्येक कीशी, म्हणजे नावाशी, एक मूल्य जोडलेली यादी) करताना शेरा अर्धाच येतो, शेवटी इशारा दिसतो आणि ‘ॲरे_मर्ज’ने दोन विंग एकत्र केल्यावर सदनिका क्रमांकच नाहीसे होतात. उपाय सुचवावा.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : पहिल्या दोन अडचणी लवकर सुटतील. अर्धविरामावर ‘एक्सप्लोड’ (मजकुराचे तुकडे करणारे फंक्शन) केले असता शेवटच्या अर्धविरामानंतरचा रिकामा तुकडाही हाती येतो, आणि त्याला दुसरा भाग नसल्यामुळे इशारा मिळतो. म्हणून ज्या तुकड्यात बरोबरचे चिन्ह नाही तो वगळावा. तुकड्याची विभागणी करताना ‘एक्सप्लोड’ला तिसरे अर्ग्युमेंट 2 द्यावे, म्हणजे ती पहिल्याच चिन्हावर होते आणि ‘चेक=परत’ अखंड राहते.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे, कारण तिथे कोणताही इशारा मिळत नाही. ‘402’ ही की स्ट्रिंग (मजकूर) म्हणून दिली तरी पीएचपी तिचा पूर्णांक करते (शून्याने सुरू होणारी ‘004’ मात्र स्ट्रिंगच राहते, तशीच देवनागरी अंकांत लिहिलेली कीसुद्धा), आणि ‘ॲरे_मर्ज’ पूर्णांक की न जपता त्यांना 0, 1, 2 असे नवे क्रमांक देते. त्यामुळे 402 ची 1500 रुपयांची थकबाकी 0 या कीखाली जाते. रक्कम शाबूत दिसते, पण ती कोणाकडून येणे आहे हे कळत नाही. ‘ॲरे_रिप्लेस’ किंवा अधिकचे चिन्ह वापरले तर क्रमांक टिकतात, परंतु दोन्ही विंगमध्ये 402 असल्यास अधिकचे चिन्ह पहिल्या ॲरेतली रक्कम ठेवते आणि ‘ॲरे_रिप्लेस’ दुसऱ्यातली, म्हणजे एका सदस्याची थकबाकी पुसली जातेच. हिशेबाच्या कामात हे मुळीच चालणार नाही. तेव्हा तुकडे एकेक करून वाचणाऱ्या लूपमध्येच प्रत्येक कीला विंगचे नाव जोडून ‘बी-402’, ‘बी-शेरा’ अशी रचना करावी; मग पूर्णांकाचा प्रश्न उरत नाही, दोन विंगचे शेरे एकमेकांवर लिहिले जात नाहीत आणि ‘ॲरे_मर्ज’ही निर्धास्तपणे वापरता येते.

अर्धविरामाच्या जागी अँपरसँड घालून ‘पार्स_स्ट्र’ या फंक्शनने काम उरकण्याचा मोह टाळावा, कारण ते वेबपत्त्यातील क्वेरीसाठी असल्याने कीमधील टिंब आणि मोकळी जागा यांचे अंडरस्कोर करते, शिवाय शेऱ्यात अधिकचे चिन्ह असल्यास तिथे नुसती मोकळी जागा उरते.