रस्ता पालिकेचा, रहदारी कोणाची?

विजेवर चालणाऱ्या दुचाकींविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरे महाराष्ट्रापुरती आहेत, कारण मोटार वाहनांचा कायदा देशभर एकच असला तरी पोलीस आणि पालिकांचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत.

प्रश्न : आमच्या बाजारपेठेतला रस्ता अरुंद आहे. विजेवरच्या सायकली आणि छोट्या स्कूटर आवाज न करता मागून येतात आणि म्हातारी माणसे दचकून बाजूला होताना पडतात. आम्ही रहिवाशांनी पाठपुरावा केल्यावर महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने या रस्त्यावर ई-बाइकला बंदी करण्याचा ठराव मंजूर केला आणि तसे फलकही लागले. आता वाहतूक पोलीस म्हणतात की या फलकाच्या आधारे आम्हाला कारवाई करता येत नाही. मग ठरावाला अर्थ काय?

उत्तर : पोलिसांचे म्हणणे टाळाटाळीचे वाटले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २०२ प्रमाणे शहरातील सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित असतात. ते बांधणे, दुरुस्त करणे, त्यांवर दिवे लावणे, पदपथ राखणे आणि त्यांवरील अडथळे हटवणे ही महापालिकेची कामे आहेत. रस्त्यावरून कोणते वाहन, कोणत्या वेळी आणि किती वेगाने जाईल हे ठरवण्याचा अधिकार मात्र प्रामुख्याने राज्य शासनाकडे आणि शासनाने प्राधिकृत केलेल्या पोलीस यंत्रणेकडे आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही नागरी संस्थांच्या विषयांत रस्ते, पूल, पथदिवे, वाहनतळ आणि बसथांबे आहेत, पण वाहतूक नियंत्रण हा विषय नाही.

महापालिकेचे हात अगदीच बांधलेले आहेत असेही नाही. त्याच अधिनियमाच्या कलम २०८ नुसार धोका, अडथळा किंवा गैरसोय टाळण्यासाठी आयुक्त महापालिकेच्या मंजुरीने एखाद्या सार्वजनिक रस्त्यावर वाहनांना मनाई करू शकतात. आपल्याकडे सभेची मंजुरी झालेली दिसते. तिच्या पाठोपाठ आयुक्तांचा लेखी आदेश निघाला की नाही, हे प्रथम तपासावे. पुष्कळ ठिकाणी ठराव कार्यवृत्तात राहतो, फलक रंगवून लावला जातो आणि या दोहोंना जोडणारा आदेश कधी निघतच नाही.

आदेश निघाला असला तरी मोटार वाहनांच्या बाबतीत तेवढ्याने पोलिसांना दंडाची पावती फाडता येत नाही. त्यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खालील मनाई आणि कलम ११६ प्रमाणे उभारलेले चिन्ह लागते. वाहतूक चिन्ह पाळण्याचे बंधन कलम ११९ मध्ये आहे आणि ते कायद्यातील नमुन्याप्रमाणे, अधिकार असलेल्या यंत्रणेने लावलेल्या चिन्हाला लागू होते, कोणीही रंगवून लावलेल्या फलकाला नव्हे. पुणे शहरातले वाहतूक आदेश वाचले तर सुरुवातीलाच गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेचा आणि कलम ११५, ११६ व ११७ यांचा हवाला दिसतो, त्यानंतर कोणत्या चौकापासून कोणत्या चौकापर्यंत मनाई आहे ते येते, मग अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णवाहिका यांना दिलेली सूट येते, आणि शेवटी वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांची सही असते. बंदी कायम करण्यापूर्वी तात्पुरता आदेश काढून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्याचीही तेथे पद्धत आहे. मनाई एक महिन्यापेक्षा जास्त काळासाठी असेल तर राजपत्रात अधिसूचना आवश्यक असते. त्याहून कमी काळासाठी असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते.

खरी अडचण यापुढे आहे. आपल्या बाजारपेठेतल्या सगळ्या ई-बाइक कायद्याने मोटार वाहन नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) प्रमाणे ज्या वाहनाच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत आहे, ते वाहन मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले असेल तर मोटार वाहन समजले जात नाही. पायंडलला मोटारीची जोड देणाऱ्या सायकलींनाही अशीच सवलत आहे, मात्र वेग वाढेल तशी मोटारीची शक्ती कमी होत गेली पाहिजे आणि ताशी २५ किलोमीटरला, किंवा त्याआधी पायंडल मारणे थांबताच, मोटार बंद पडली पाहिजे. अशा वाहनाला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही, आणि कलम ११५ ची मनाईही त्याला लागू होत नाही, कारण ते कलम मोटार वाहनांपुरते आहे. म्हणजे मोटारसायकलला बंदी करणाऱ्या आदेशातून ही वाहने आपोआप बाहेर राहतात.

त्यांच्यासाठी उपयोगी पडणारी तरतूद जुनी आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ नुसार पोलीस आयुक्तांना, आणि जेथे आयुक्तालय नाही तेथे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, रस्त्यावरील सर्व प्रकारच्या रहदारीचे नियमन करता येते. त्यात घोडेस्वार, सायकलस्वार, पादचारी आणि गुरे हाकणारे यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. वाहनाला इंजिन आहे की मोटार, याच्याशी या कलमाला कर्तव्य नाही. अशा आदेशाचा भंग कलम १३१ खाली दंडनीय आहे. म्हणून आपण रहिवाशांनी वाहतूक शाखेला अर्ज देताना मोटार वाहन अधिनियमाचे कलम ११५ आणि पोलीस अधिनियमाचे कलम ३३ या दोन्हींखाली आदेशाची मागणी करावी आणि सोबत सभेच्या ठरावाची प्रत जोडावी. तो ठराव लोकांची गरज दाखवणारा सबळ कागद आहे, त्याचा उपयोग तेथे होईल.

मागणी कशी करावी याबद्दल माझे स्पष्ट मत सांगतो. ‘ई-बाइक बंद करा’ असे लिहू नये. पेट्रोलची स्कूटर चालू राहून विजेची सायकल बंद झाली तर बाजारातला धोका कमी होणार नाही, आणि भेदभावाच्या मुद्द्यावर असा आदेश न्यायालयात टिकवणेही अवघड जाईल. गर्दीच्या ठरावीक तासांत सर्वच दुचाकींना मनाई, सायकलस्वारांनी वाहन हातात धरून चालत जाणे, आणि सामान पोहोचवणाऱ्यांसाठी सकाळची वेगळी वेळ, अशी मागणी अधिक न्याय्य आहे. महापालिकेकडून मात्र फलक मागण्याऐवजी रस्त्याची रचना मागावी. तोंडाशी उखडता येणारे खांब, पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यासाठी पदपथाच्या उंचीला आणलेल्या जागा आणि नीट उजेड यांसाठी पालिकेला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, निदान स्वतःच्या रस्त्यावर तरी. उखडते खांब मात्र अग्निशमन दलाला विचारूनच बसवावेत.

प्रश्न : दुकानदाराने ‘लायसन्स नको, पासिंग नको’ असे सांगून मला विजेची स्कूटर विकली. ती सहज पंचेचाळीसच्या वेगाने पळते. परवा पोलिसांनी अडवून आरटीओकडे पाठवण्याची ताकीद दिली. चूक कोणाची?

उत्तर : पंचेचाळीसच्या वेगाने पळणारी स्कूटर वर सांगितलेल्या सवलतीत बसूच शकत नाही. ती मोटार वाहन आहे. तिला नोंदणी हवी, विमा हवा, चालवणाऱ्याला परवाना आणि हेल्मेट हवे.

आपल्या वाहनाची परीक्षा घरीच करता येते. मागच्या चाकाच्या मध्यात बसवलेल्या मोटारीवर वॅट दाखवणारी पट्टी किंवा कोरीव अंक असतात, ते पाहावेत. ती पट्टी खरवडलेली असेल तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे. त्यानंतर दुकानदाराकडे त्या मॉडेलचे चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मागावे. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ मध्ये नाव असलेल्या संस्थेचेच प्रमाणपत्र चालते, कंपनीचे माहितीपत्रक चालत नाही. प्रमाणपत्रावरील मॉडेल आणि मोटारीची शक्ती आपल्या वाहनाशी जुळते का, ते ताडून घ्यावे. अनेकदा प्रमाणपत्र खरे असते, मॉडेलही तेच असते, पण आसनाखालच्या कंट्रोलरमधील वेग रोखणारी वायर दुकानातच सोडवलेली असते. विक्रेते त्याला ‘लॉक काढून देणे’ म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी प्रमाणपत्राचा आधार जातो.

दोष दोघांकडेही जाऊ शकतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८२ए नुसार नियमबाह्य वाहन विकणाऱ्या विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. मालकाने स्वतः बेकायदा बदल केला असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपण वायर काढून घेतली नसेल आणि पावतीवर ‘नोंदणीची गरज नाही’ असे लिहिलेले असेल, तर ती पावती जपून ठेवा आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करा. तोपर्यंत ते वाहन रस्त्यावर आणू नका. बॅटरीवरील वाहनांना नोंदणी शुल्कातून ऑगस्ट २०२१ पासून सूट आहे, त्यामुळे नोंदणी टाळण्यात ग्राहकाचा फारसा फायदाही नसतो. फायदा असतो तो मान्यतेचा खर्च वाचवणाऱ्याचा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना पदपथावर विजेच्या दुचाकीने मागून धडक दिली, खुब्याचे हाड मोडले. पोलीस म्हणाले, ती सायकलच आहे, विमा नाही, तेव्हा न्यायाधिकरणाकडे जाऊन उपयोग नाही. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आपण धीर सोडू नये. वाहन खरोखर सवलतीच्या मर्यादेतले असेल तर त्याला सक्तीचा विमा नाही आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा चालत नाही. अशा वेळी भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. ही कायद्यातली मोठी उणीव आहे असे मला वाटते, कारण साठ किलोच्या वाहनाने आणि त्यावरच्या माणसाने दिलेली धडक म्हाताऱ्या माणसाच्या हाडांना तेवढीच भोवते.

पण ते वाहन मर्यादेत होते हे केवळ चालकाच्या सांगण्यावरून ठरत नाही. आपण तपासी अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करा की वाहन ताब्यात घेऊन मोटार वाहन निरीक्षकाकडून त्याची शक्ती आणि वेग तपासावा. त्यात मर्यादा ओलांडलेली आढळली तर ते नोंदणी आणि विमा नसलेले मोटार वाहन ठरते आणि न्यायाधिकरणाचा मार्ग खुला होतो. गंभीर दुखापतीसाठी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ खाली, चूक सिद्ध न करताही, अडीच लाख रुपयांची भरपाई मागता येते आणि विमा नसेल तर ती वाहनमालकाकडून वसूल होते. कलम १६६ खालील अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, म्हणून ही तपासणी लवकर करून घ्यावी.

वाहन सायकल ठरली तरी गुन्हा नोंदवता येतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे ‘कोणतेही वाहन’ चालवणाऱ्याला लागू आहे, त्यासाठी ते मोटार वाहन असण्याची अट नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीला गावातून जाणाऱ्या दुचाकींसाठी वेगमर्यादा घालता येईल का?

उत्तर : स्वतःच्या अधिकारात नाही. मोटार वाहनांची स्थानिक वेगमर्यादा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११२ खाली राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेले अधिकारी ठरवतात. ग्रामसभेचा ठराव करून तो जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्याकडे पाठवावा, आणि रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर तिच्या बांधकाम विभागाकडेही. गतिरोधक मनाने घालू नयेत. भारतीय रस्ते काँग्रेसने त्यांची रचना ठरवून दिली आहे, आणि चुकीच्या उंचवट्यावर दुचाकीस्वार पडला तर जबाबदारी तो घालणाऱ्यावर येते.

प्रश्न : माथेरानला वाहने बंद आहेत. तशीच बंदी आमच्या थंड हवेच्या ठिकाणी नगरपरिषदेने ठराव करून घालावी, अशी आमची मागणी आहे. ती मान्य होऊ शकेल का?

उत्तर : माथेरानचा दाखला येथे उपयोगी पडणार नाही, कारण तेथील बंदी नगरपरिषदेच्या ठरावावर उभी नाही. वाहने न नेण्याची तेथील प्रथा फार जुनी आहे, आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केल्यावर तिला कायद्याचे बळ मिळाले. त्यामुळेच हातरिक्षा ओढणाऱ्यांसाठी ई-रिक्षा आणायची झाली तेव्हा परवानगी नगरपरिषदेकडून नव्हे, सर्वोच्च न्यायालयाकडून घ्यावी लागली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर मुभा दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला.

आपल्या गावासाठी त्या पातळीची अधिसूचना मिळवणे हा वर्षानुवर्षांचा मार्ग आहे. पर्यटकांच्या हंगामापुरती, मुख्य पेठेपुरती मनाई हवी असेल तर मोटार वाहन अधिनियमाचे कलम ११५ आणि पोलीस अधिनियमाचे कलम ३३ पुरेशी आहेत. नगरपरिषदेने गावाच्या वेशीवर वाहनतळाची जागा आधी निश्चित करावी, तिचा नकाशा प्रस्तावाला जोडावा आणि आजारी, अपंग व स्थानिक रहिवासी यांना कोणती सूट असेल ते लिहून द्यावे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११७ प्रमाणे वाहने उभी करण्याच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे, त्यामुळे या एका बाबतीत आपल्या नगरपरिषदेचे म्हणणे टाळून पुढे जाता येत नाही.