या कागदावर शेत विकू नका

प्रश्न: माझ्या सहा वर्षांच्या मुलीला माकडहाडाजवळ जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींपासून होणारी कर्करोगाची गाठ) होता. ऑपरेशन आणि केमो झाली, वर्षभरात गाठ परत आली. बेळगावच्या डॉक्टरांनी दुसरी केमो ठरवली आहे, 23 तारखेपासून. एका शहरातलं क्लिनिक म्हणतं, सोबत हीट थेरपी घ्या, नऊ लाख. भाताचं एक एकर विकू का? (खानापूर तालुका)

दादा, तुम्ही पाठवलेल्या कोटेशनचा फोटो मी तीनदा पाहिला. 'थर्मल पॅकेज, 10 सिटिंग', खाली शिक्का, आणि निम्मी रक्कम आगाऊ, परत मिळणार नाही. गाठीचं तापमान किती अंशांवर नेणार, ते कशाने मोजणार, सहा वर्षांचं मूल तासभर हलणार नाही याची सोय काय, यातलं एक अक्षर त्यात नाही. एवढ्यावर शेत जाऊ देऊ नका.

उपचारच खोटा, असं मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीत ड्युसेलडोर्फच्या डॉक्टरांनी अशाच परत आलेल्या किंवा केमोला न जुमानणाऱ्या जर्म सेल गाठींच्या 44 मुलांना केमोसोबत उष्णता दिली. 2013 साली निष्कर्ष आले: पुरेशी माहिती असलेल्या 35 पैकी 30 मुलांच्या गाठी आटल्या किंवा नाहीशा झाल्या, आणि पाच वर्षं जगण्याचं प्रमाण 72 टक्के. तिथे सिस्प्लॅटिनसारखी केमोची औषधं देताना बाहेरून विद्युतचुंबकीय लहरी सोडून गाठ 41 ते 43 अंशांवर तासभर ठेवतात. तापलेल्या पेशीला औषधाने केलेली मोडतोड सांधता येत नाही, हा त्यामागचा विचार. पण नुसती केमो दिलेला दुसरा गट तुलनेला नव्हता. म्हणजे त्यातलं उष्णतेचं श्रेय किती, हे त्या आकड्यांवरून काढता येत नाही. आणि तिथली केमो तगडी होती. गरम पट्ट्यांनी शेक देणं म्हणजे तो उपचार नव्हे.

म्हणून कोटेशन घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. शक्य झालं तर परळच्या टाटा मेमोरियलच्या बालकर्करोग विभागाचंही मत घ्या. त्यांनी लेखी 'करा' म्हटलं, तरच पैशांचा विषय. तेव्हाही आधी दागिने बँकेत गहाण, शेत सगळ्यात शेवटी. उताऱ्यावर धाकट्या भावाचं नाव आहे, त्याची सही लागेल. आणि अडलेल्याच्या जमिनीला गावात भाव कसा मिळतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आत्ता दीड लाख वेगळे काढून ठेवा, त्यांना हात लावू नका. केमोनंतर रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घसरतात, तेव्हा मध्यरात्री ताप चढला तर सकाळची वाट पाहता येत नाही, लगेच गाडी करून बेळगाव गाठावं लागतं. त्या क्षणी खिशात रोकड हवी. माझ्या ओळखीच्या एका घराने सगळं आधीच भरून टाकलं होतं; अशा रात्री ते शेजाऱ्यांची दारं ठोठावत होते. ते मी विसरू शकत नाही.

बाकी मदत मागायला लाजू नका. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला (त्या रेषेवरच्या) खर्चाच्या 30 टक्के, कमाल दीड लाख. महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी जाहीर केलेल्या सीमाभागातल्या 865 गावांत तुमचं गाव आहे का, तेही पाहा. मुंबईला गेलात तर डॉक्टरांचा दाखला न्या: रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीत मुलीचं तिकीट माफ, सोबतच्याला 75 टक्के सूट.

क्लिनिकला आगाऊ रक्कम देऊ नका, आणि त्यांच्या सिटिंगसाठी 23 तारीख पुढे ढकलू नका.