रात्री गाडी बोलवायची का? भावाच्या भरतीबद्दल विचारलंस म्हणून

ताई म्हणून विचारलंस, म्हणून अगं-तुगं करूनच लिहिते.

भाऊ २९ वर्षांचा. डोळे उघडले की दारूची क्वार्टर लागते. महिनाभर धड झोप नाही. खालच्या मजल्यावरचे लोक आपल्याबद्दल बोलतात असं त्याला ऐकू येतं. 'मी नसलेलाच बरा' असं तो दोनदा बोलून गेलाय. आणि मावशीच्या ओळखीतल्या एका व्यसनमुक्ती केंद्राने सांगितलंय की रात्री गाडी पाठवतो, चार जण येऊन घेऊन जातील, सहा महिने ठेवू, पहिले तीन महिने भेट नाही. आई तयार आहे, तुझं मन होत नाही.

होऊ देऊ नकोस. आम्ही २०११ साली अशाच गाडीला हो म्हटलं होतं. रात्री दोनला चौघे आले, यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बनियनवरच जिन्यावरून खाली नेलं. चाळीतली सगळी दारं उघडी. माझ्या मुलीने तो आवाज ऐकला, ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी मी फोन केला तर म्हणाले, 'नाटकं करतायत, वहिनी, तुम्ही मन घट्ट करा.' ती नाटकं नव्हती. यांना फिट आली होती, पाठोपाठ दुसरी आली, मग मात्र घाबरून त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन सोडलं. केंद्रात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, हे आम्हाला नंतर कळलं. आधी विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

हे का होतं ते नीट समजून घे. रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, उलट्या, छातीत धडधड. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत. त्यानंतर, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींचं भान सुटतं, माणसं ओळखू येत नाहीत, नसलेल्या गोष्टी दिसतात. आमच्या यांना भिंतीवर मुंग्या दिसत होत्या आणि ते त्या हाताने पुसत होते. यात माणूस जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीत झोपेच्या आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या मापून देतात, हळूहळू कमी करतात. ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात आणि ते ग्लुकोजच्या आधी द्यायचं असतं. त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आज रागाच्या भरात बाटल्या मोरीत ओतून देऊ नका आणि त्याला खोलीत कोंडूही नका. भरती होईपर्यंत एकदम बंद करायचा हट्ट नको.

आणखी एक. लोकलच्या डब्यात 'न कळता दारू सोडवा' अशी स्टिकरं असतात ना, तसली पावडर आमटीत घालायचा विचार आईच्या मनात असेल तर आजच थांबव. त्यात काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं. दारू प्यायली की त्रास व्हावा आणि ती नकोशी व्हावी यासाठीची खरी गोळी आहे, डायसल्फिरम. पण ती घेतल्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून ती माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनेच द्यायची असते.

आता त्या 'मी नसलेलाच बरा' बद्दल. त्याला सरळ विचार, 'जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?' विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही. उलट कुणीतरी ऐकतंय हे त्याला कळतं. हो म्हणाला किंवा नुसता गप्प बसला, तरी त्याला एकटं सोडायचं नाही, औषधं, फिनेल, ब्लेड हाताशी ठेवायचं नाही, आणि ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, न्यायचं. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलता येतं.

भांडुपहून तुला सायन हॉस्पिटल सरळ पडतं. केईएम, नायर, कूपर इथेही मानसोपचार विभाग आहेत. ठाण्याचं मनोरुग्णालय तुमच्यापासून आणखी जवळ, पण 'ठाण्याला टाकलं' हे आपल्याकडे शिवीसारखं वापरतात, त्यामुळे आईला ते नाव नको असेल. तिला सांग, आधी मोठ्या हॉस्पिटलात तपासू, मग डॉक्टर म्हणतील तसं.

तिथे फक्त दारूचं सांगू नकोस. ही चूक आम्ही दोन वर्षं केली. झोप नाही, आवाज ऐकू येतात, मरणाचं बोलतो, हे सगळं तारखांसकट कागदावर लिहून ने. आवाज दारूमुळे असतील, दारू तुटताना येत असतील, किंवा मुळात मनाचा आजार असेल आणि तो शांत करायला तो पीत असेल. हे पहिल्या दिवशी कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. दारूशिवाय काही आठवडे गेले की चित्र स्पष्ट होत जातं. आमच्या यांना बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी असा मनाचा आजार) आहे हे २०१३ साली पालिकेच्या हॉस्पिटलात कळलं. त्याआधी दारू सुटली की हे रात्रभर बोलायचे, पहाटे चारला घर रंगवायला काढायचे, आणि आम्ही म्हणायचो, बघा, किती उमेद आली. ती उमेद नव्हती, आजाराचीच दुसरी बाजू होती. लिथियम हे औषध सुरू झालं, त्याची रक्ततपासणी ठरल्या वेळी होते, आणि मगच दारू टिकून सुटली. नुसतं व्यसन धरून बसलो असतो तर अजून फेऱ्याच मारत असतो.

तो तयार झाला नाही तर काय, हा तुझा खरा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमधून येणारे मनाचे आजारही धरले आहेत. तो स्वतः सही करून भरती झाला तर सगळ्यात चांगलं. नाहीच झाला आणि जिवाला धोका असेल, तर त्याचा प्रतिनिधी म्हणून जवळचा नातेवाईक अर्ज करतो. दोन तज्ज्ञ त्याला वेगवेगळे तपासतात, त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञच हवेत. अशी भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि या कायद्याखालच्या मंडळाची परवानगी लागते. भेटायला येणाऱ्यांना भेटायचा आणि फोनवर बोलायचा हक्क पेशंटला आहे. साखळीने बांधायला, डोकं भादरायला बंदी आहे. आता या मापाने ती रात्रीची गाडी बघ. तपासणीआधीच सहा महिने कुणी आणि कशावरून ठरवले?

सगळी केंद्रं तशी नसतात, हेही मला मनापासून सांगायचंय. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. अनिल आणि अनिता अवचटांनी ते उभं केलं. वांद्र्याची कृपा फाउंडेशन फादर ज्यो परेरांची, १९८१ ची. शरीरातली दारू उतरल्यावर अशा ठिकाणी राहून खूप माणसं उभी राहिली आहेत. कुठल्याही केंद्राला विचार: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, रात्री फिट आली तर कोण बघतं, चालू असलेल्या गोळ्या देता की बंद करता. 'इथे गोळ्या लागत नाहीत' असं अभिमानाने सांगणाऱ्याकडे भावाला ठेवू नकोस. आणि जाऊन बघू देत नसतील तर तिथेच विषय संपव.

मेडिक्लेम असेल तर कागद काढून वाच. मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच धरा असं कायदा म्हणतो, पण व्यसनाचा उपचार बऱ्याच पॉलिसींत वगळलेला असतो. त्या भरवशावर खाजगीत ॲडमिट करून बसू नका.

घरी आल्यावरचं मात्र आत्ताच ठरवा, कारण पहिल्यांदा आम्ही तिथेच कमी पडलो. डिस्चार्जच्या आधी पुढच्या ओपीडीची तारीख हातात हवी. गोळ्या कोण देणार, पगार काही महिने कुणाच्या खात्यावर, गटारीला तो कुठे असेल, हळदीला नेणार की नाही. एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) च्या मीटिंगा मुंबईत मराठीतही होतात. सुरुवातीला त्याला कुणीतरी सोबत लागेल. घरच्यांसाठी तसाच अल-अनॉन गट आहे, तिथे तू जा. मी लाजत लाजत गेले होते आणि पहिल्यांदा कुणापुढे तरी रडले. तो पुन्हा प्यायला तर 'सगळं पाण्यात गेलं' म्हणू नका, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. (हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी ब्राऊन शुगरचं, म्हणजे हेरॉइनचं, व्यसन असेल तर त्यांच्यासाठी: बंद केल्यावर शरीराची सवय उतरते, आणि जुन्याच मापाने पुन्हा घेतलं तर श्वास थांबू शकतो.)

पालिकेच्या वॉर्डात आमच्याकडून सोबतीला एक माणूस मागितला होता. तुमच्याकडेही मागतील असं धरून चला, आळीपाळी आत्ताच लावा. त्याला फसवून नेऊ नकोस. 'झोप येत नाही ना, त्यासाठी जाऊया' हे खरंच आहे, तेवढंच सांग. आमचे हे दुसऱ्या वेळी त्या एका वाक्यावर रिक्षात बसले. आधार कार्ड, जुने कागद, एक चादर, साधी चप्पल घे. आणि आईला म्हणावं, रोजचा डबा तुझ्याकडे. तेरा दिवस भरती होते तेव्हा यांच्या पोटात फक्त सासूबाईंनी आणलेली मुगाची खिचडी टिकायची.

नंबर लागला की इथेच कळव. मी जागी असते.