मे महिन्यात राणीच्या बागेत बघण्यासारखं काय असतं?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलांना सुट्टीत मुंबईच्या राणीच्या बागेत न्यायचंय, पण मे महिन्याच्या उन्हात पेंग्विन सोडून बघण्यासारखं काही असतं का, आणि तुमच्या आईबाबांच्या आठवणीतली बाग अजून शिल्लक आहे का. दोन्हीचं उत्तर हो. पण दुसऱ्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण माझं लहानपण चिंचपोकळीतलं, बाग चालत जायच्या अंतरावर, आणि गेली तीसेक वर्षं मी तिथे फक्त झाडं बघायला जाते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, मे म्हणजे सगळं करपलेलं असं नसतं. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचाच आहे आणि झाडं पंचांग बरोबर पाळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, चैत्रात पिंपळाला ती तांबूस चकचकीत पालवी येते, आणि आपण घामाने निथळत असतो तेव्हा बहावा, तामण, गुलमोहर, सोनमोहर सगळे एकामागून एक फुलत जातात. बहाव्यावर तर तेव्हा पान कमी आणि फूलच जास्त, त्यामुळे ते पिवळे घोस लांबून दिसतात आणि भुंग्यांना शोधायला लागत नाहीत. बहाव्याखाली दोन मिनिटं गप्प उभं राहा, वरून त्या काळ्या भुंग्यांचा घुंघुं आवाज येत असतो. आमची आजी म्हणायची बहावा फुलला की पावसाचे दिवस मोजायला घ्या.

आता बागेबद्दल. लोक तिला प्राण्यांची बाग म्हणतात पण ती जन्माने झाडांची बाग आहे. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी म्हणजे शेती-बागकामाची संस्था, तिची बाग आधी शिवडीला होती, ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग उभी राहिली, १८६२ च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या गव्हर्नरची बायको लेडी फ्रियर हिच्या हस्ते उघडली. नाव ठेवलं व्हिक्टोरिया गार्डन, आणि व्हिक्टोरिया राणीची म्हणून लोकांच्या तोंडी राणीची बाग. १८७३ ला ती महापालिकेकडे आली आणि प्राणी आले ते १८९० मध्ये, शेजारची १५ एकर जागा जोडल्यावर. म्हणजे सुरुवातीची जवळजवळ तीस वर्षं इथे माणसं झाडं बघायलाच येत होती. आता कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण टॅक्सीवाल्याला राणीबागच सांगा.

त्या काळात जगभरातून रोपं आणून लावली गेली, आणि मुंबईच्या मधोमध आफ्रिकेतली गोरखचिंच उभी आहे ती त्यामुळेच. मे महिन्यात तिच्याकडे मुद्दाम जा. एप्रिलपर्यंत पूर्ण बोडकी असते, एवढं हत्तीच्या पायासारखं खोड आणि वर नुसत्या फांद्या, मग पावसाआधी पंज्यासारखी पाच-सात पानांची पालवी फुटायला लागते. मुलांना खोडाला कवेत घ्यायला सांगा, घरचे सगळे मिळूनसुद्धा हात पुरत नाहीत.

माझं सगळ्यात लाडकं झाड उर्वशी. ब्रह्मदेशातलं झाड, वॉलिच नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाला १८२६ च्या सुमाराला तिथल्या एका मठाच्या बागेत सापडलं, त्याची फुलं बुद्धाच्या मूर्तीपुढे वाहिलेली होती म्हणे. मे पर्यंत बहर ओसरत आलेला असतो, पण नशीब असेल तर एखादा तुरा मिळतो. लांब दांड्यावर लोंबणारी लाल फुलं, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, हळदीकुंकवाचं बोट लावल्यासारखा. फूल नाही मिळालं तर कोवळी पानं बघा, ओल्या रुमालासारखी लोंबत असतात, तांबूस-जांभळट, नवखा माणूस म्हणेल झाड सुकतंय. आठवड्याभरात ती ताठ आणि हिरवी होतात.

कैलासपती पण चुकवू नका. त्याची फुलं फांदीच्या टोकाला नाही तर थेट खोडावर येतात, आणि आत पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखी रचना असते, म्हणून हे नाव, झाड मात्र दक्षिण अमेरिकेतलं आहे. वास सुंदर येतो. पण खाली बसू नका, फळं तोफगोळ्याएवढी असतात, पडली तर लागेल आणि फुटलेल्या फळाचा वास अजिबात सहन होत नाही.

जुनी बाग म्हणाल तर आमच्या वेळी १ मे ला निकाल लागला की त्याच आठवड्यात बाबा, गिरणीत होते ते, आम्हा चार भावंडांना घेऊन जायचे, घरून शिरा-पुरीचा डबा, हत्तीवर फेरी मारायचा हट्ट, आणि दुपारी वर्षावृक्षाखाली चादर अंथरून सगळे आडवे. ते हत्तीवर बसणं आता नाही आणि नाही तेच बरं. तिकीट २०१७ ला ५ रुपयांचं ५० झालं, तेव्हा मला वाईट वाटलं, गिरणगावातल्या कुटुंबाला ते जाणवतंच. पण झाडं आहेत, आणि ती आपोआप राहिलेली नाहीत. २००७ मध्ये प्राणीसंग्रहालय नव्याने बांधायचा मोठा आराखडा आला होता, तेव्हा शहरातल्या काही बायकांनी एकेक झाड मोजून, नावं लिहून, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि तो आराखडा तसाच्या तसा झाला नाही. मी आज गोरखचिंचेखाली उभी राहते तेव्हा मला त्या आठवतात.

आईबाबांना बरोबर नेणार असाल तर त्यांना काळा घोडा दाखवा. तो फोर्टातला, घोड्यावर बसलेल्या राजा एडवर्डचा पुतळा, १९६५ ला तिथून हलवला तो इथे बागेत आहे. आणि बागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा नाव पडलं. इंग्लंडला न्यायला उचलताना तुटला आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून उभा केला.

बुधवारी बाग बंद असते, म्युझियमही. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत दहा मिनिटं. गेट उघडताच आत शिरा आणि पेंग्विनची लाइन नंतरसाठी ठेवा, ते एसीत आहेत, दुपारी बघितले तरी चालतील, झाडं सकाळीच बघायची. पाणी भरपूर न्या. फुलं तोडू देऊ नका, खाली पडलेली खूप मिळतात.

आणि गुलमोहराखाली मुलांना थोडा वेळ सोडा. खाली पडलेल्या कळ्या उचलायच्या, बाहेरची हिरवी पाकळी सोलायची, आतून ती चिकट असते, ती नखावर चिकटवली की लांब हिरवी नखं तयार. आतले केसर काढून एकमेकांत अडकवून ओढायचे, ही आमची कोंबड्यांची झुंज, ज्याचं डोकं तुटलं त्याचा कोंबडा हरला. पाच पाकळ्यांतली एक पांढरट, लाल ठिपक्यांची असते, ती आम्ही खायचो, आंबट लागते. गेल्या वर्षी नातीला हे शिकवलं तर ती दहाही बोटांना नखं लावून घरापर्यंत आली, ट्रेनमध्ये हात कुठे टेकवेना.