'रियांश' छापावा की नाही?

नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या एका आजींचा प्रश्न आलाय. नातवाच्या पत्रिकेत 'री' अक्षर निघालं, म्हणून मुलगा-सुनेनं 'रियांश' हे नाव शोधलं. मुलाच्या नावातलं 'रि', सुनेच्या नावातलं 'या', असाही हिशेब त्यात बसवला. इंटरनेटवर एका ठिकाणी अर्थ 'विष्णूचा अंश' दिलाय, दुसरीकडे 'सूर्याचा पहिला किरण'. आजोबांचं म्हणणं, मुळात असा शब्दच नाही. बारसं येत्या रविवारी. 'पत्रिकेवर नावाखाली अर्थ छापायचा आहे, तर यातला कोणता छापू?'

आजी, दोन्हीही नकोत. आधी किरणाचं बघू. किरण म्हणजे 'अंशु', शेवटी उकार. हिमांशु, शीतांशु म्हणजे थंड किरणांचा, चंद्र. सहस्रांशु म्हणजे सूर्य. 'अंश' म्हणजे भाग, वाटा. शाळेत अपूर्णांकाच्या वर बसणारा तोच हा अंश. उकार गळला की किरणाचा तुकडा होतो, आणि अर्थ लिहिणाऱ्यांनी हा उकार सोयीनं कधी धरलाय, कधी सोडलाय. आता विष्णू. 'अंश' आला की कोणाचा अंश, हे त्याच्या आधीच्या शब्दानं सांगायचं असतं. देवांश, शिवांश, रुद्रांश यांत ते चोख सांगितलंय. 'रियांश'मध्ये आधी उरतं 'रि' किंवा 'रिया', आणि त्याचा विष्णूशी काही संबंध नाही. संधी मात्र बिनचूक आहे, रिया + अंश = रियांश. पण मग अर्थ होतो 'रियाचा अंश'. सूनबाईंचं नाव रिया असतं तर मी हाच छापा म्हटलं असतं.

कोणी सांगेल की मूळ 'श्री + अंश' आहे, सुरुवातीचा 'श' झिजला. त्या दोघांचा संधी 'श्र्यंश' होतो. असं नाव पाळण्यातल्या बाळाच्या कानात सांगणाऱ्या आत्याची मला काळजी वाटते.

माझा अंदाज वेगळा आहे. जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. त्यांच्या नावात 'अंश' नाहीच. 'श्रेयस्' म्हणजे अधिक चांगला, त्याची विभक्तीची रूपं श्रेयान्, श्रेयांसौ, श्रेयांसः अशी चालतात, तिथला हा दंत्य 'स' आहे. लोकांनी तो 'श' केला आणि 'श्रेयांश'मध्ये अंश दिसायला लागला. मग सुरुवातीच्या जोडाक्षरातला 'श' सोडून 'रेयांश' झालं, आणि त्याचंच भावंड 'रियांश'. यातली बरीच घडामोड रोमन लिपीत होते. इंग्रजीत ई टाकायचा की आय, हे घरात आधी ठरतं, देवनागरी नंतर येते.

पण मुलगा-सुनेला दोष देऊ नका, त्यांची अडचण खरी आहे. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, चरणाला एक अक्षर, म्हणजे 108 अक्षरं. चित्रेचा शेवटचा चरण 'री', पुढे स्वातीत रू, रे, रो, ता. 'री'वरून मुलाचं नाव काढायला बसलात की बोटं मोजायच्या आत शब्द संपतात. तरी तुमचं नशीब, हस्त नक्षत्रात 'ण' आहे, आर्द्रेत 'ङ', उत्तराभाद्रपदेत 'ञ'. पूर्वी नावरस, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरचं, नाव पत्रिकेत राहायचं आणि हाक मारायला दुसरं असायचं. आता दोन्ही एकच हवं, शिवाय वर्गात दुसऱ्या कोणाचं नको. मग माणूस नाव घडवणारच.

आजोबांचा 'शब्दच नाही' हा आक्षेप फार जुना आहे. व्याकरणकार पतंजलीनं 'महाभाष्य' या ग्रंथात, म्हणजे दोन हजार वर्षांहून आधी, शब्दांचे चार प्रकार सांगितले: जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि चौथे यदृच्छाशब्द. यदृच्छाशब्द म्हणजे मनाला आलं म्हणून ठेवलेलं नाव, आत अर्थ शोधायचा नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत याची ठरलेली उदाहरणं 'डित्थ' आणि 'डवित्थ'. आज जन्माच्या दाखल्यावर डवित्थ लिहिलं तर कारकून दोनदा विचारेल. पतंजलीकडे 'लृतक' नावाच्या माणसाचाही वाद आहे. एक पक्ष म्हणतो, त्याचं नाव लृतकच, ते मानायला हवं. दुसरा म्हणतो, शास्त्रात बसणारा 'ऋतक' असताना हे कशाला? शेवटी यदृच्छाशब्द नाहीतच, शब्दांचे प्रकार तीनच, असंही मत तो मांडतो. लृतक म्हणजे तुमचा रियांश आणि ऋतक म्हणजे श्रेयांस. आजोबा दुसऱ्या पक्षाचे आहेत, आणि त्या पक्षात बसायला मोठी माणसं आहेत.

त्याच ग्रंथात मुलाच्या नावाचे नियमही उद्धृत केले आहेत. सुरुवात घोष, म्हणजे उच्चारताना घशात कंप होतो अशा, व्यंजनानं, मध्ये य-र-ल-व यांपैकी काही, नाव दोन किंवा चार अक्षरी, आणि शत्रूच्या घरात असलेलं नसावं. रियांशचा 'र' घोष आहे, मध्ये 'य' आहे, पण अक्षरं तीन. नापास! अर्थात गणेश, सुरेश, रमेशही तिथे नापासच होतात, तेव्हा फार मनावर घेऊ नका.

नवीन वाटणारी सगळी नावं बनावट नसतात. 'विहान' ऐकून पंचवटीतल्या एका काकांनी 'हे काय विमान?' म्हटलेलं मी ऐकलंय, पण भोजपुरीत, नेपाळीत 'बिहान' म्हणजे आजही सकाळ. उलट 'आरव' अस्सल संस्कृत, अर्थ मात्र 'शांत' छापतात. आ + रव, म्हणजे आवाज, आरडाओरडा. रात्री दोनला उठलेल्या आईबापांना हा अर्थ जास्त पटेल. 'कियारा' इटालियन, अर्थ स्वच्छ, उजळ. 'कियान' फारसी, इराणच्या कयानी राजांच्या घराण्यातला. 'नायरा' हे नायजेरियाचं 1973 पासूनचं चलन, देशाच्याच नावातून काढलेलं. 'मायरा' तर इंग्रजीतसुद्धा घडवलेलंच. 1628 साली वारलेल्या फल्क ग्रेव्हिल या कवीनं कवितेतल्या प्रेयसीसाठी ते बनवलं असं मानतात. आणि राजस्थानात लग्नात मामा जो आहेर आणतो, त्याला मायरा म्हणतात!

तेव्हा घडवणं हा गुन्हा नाही. आपल्या गावात तर हे सांगायलाच नको. विष्णु वामन शिरवाडकर हे दत्तक गेल्यानंतरचं नाव, जन्माचं गजानन. धाकटी बहीण कुसुम, तिचा अग्रज म्हणून 'कुसुमाग्रज'. हाताशी असलेलं एक घरगुती नाव आणि एक संस्कृत शब्द, जोड उकलून बघितली तरी आत नेमकं तेच सापडतं. तुमच्या मुलानंही घरातलीच दोन नावं घेतली. फक्त तुकडे घेतले आणि वर विष्णू चिकटवला, एवढाच फरक.

म्हणून पत्रिकेवर अर्थाच्या जागी खरं तेच छापा: 'आईबाबांच्या नावांतून जुळवलेलं'. 'श' शहामृगाचाच ठेवा, 'ष' करून ते आणखी संस्कृत होत नाही. आणि मराठी तोंडात श-स-हच्या आधीचा अनुस्वार नाकातल्या 'व'सारखा होतो, संशय म्हणताना होतो तसाच. आत्या 'रियाव्ंश' असंच काहीसं कुर्रर्र करणार, तिला सुधारू नका. गल्लीत तो चार वर्षांत 'रियांश्या' होईल, तेव्हा आजोबाही हाक मारतील. घुगऱ्या मात्र आठवणीनं करा, हल्ली केकच्या नादात राहून जातात.