वाचकांचे प्रश्न : ‘स्लेट्टेट’ झालेली फाइल खरोखर जाते का?

प्रश्न : मी ओस्लोमध्ये नोकरी करतो. कार्यालयातील संगणकावर सगळ्या सूचना नॉर्वेजियन भाषेत येतात. एक फाइल काढून टाकल्यावर पडद्यावर ‘स्लेट्टेट’ असा शब्द उमटला. त्याचा नेमका अर्थ काय, आणि ती फाइल परत मिळेल का?

उत्तर : ‘स्लेट्टेट’ म्हणजे पुसलेले, काढून टाकलेले. ‘स्लेट’ या विशेषणाचा अर्थ सपाट, गुळगुळीत असा आहे आणि त्यावरून आलेल्या ‘स्लेट्टे’ या क्रियापदात सपाट करण्याचा भाव मुळातच आहे. पडद्यावर मात्र या क्रियापदाची रूपे बदलत राहतात आणि नवख्या माणसाची गफलत बहुधा तिथेच होते. बटणावर आज्ञार्थी ‘स्लेट’ असते, खात्री करून घेणाऱ्या प्रश्नात ‘स्लेट्टे’ येते, काम उरकल्यावर ‘स्लेट्टेट’ दिसते, तर ईमेलमध्ये काढून टाकलेल्या मजकुराच्या कप्प्यावर अनेकवचनी ‘स्लेट्टेडे’ लिहिलेले आढळते. भाषा म्हणून नीनॉर्स्क, म्हणजे नॉर्वेजियनच्या दोन अधिकृत लेखनरूपांपैकी एक, निवडलेली असेल, तर ‘स्लेट्टेट’च्या जागी ‘स्लेट्टा’ वाचायला मिळेल. ‘फ्यार्न’ हा शब्द दिसल्यास मात्र जरा थांबावे, कारण फाइल जागेवर ठेवून ती केवळ यादीतून हटवण्यासाठीही तो वापरतात.

आता तुमच्या फाइलविषयी. ती संगणकाच्याच डिस्कवर असेल, तर बहुधा ‘पपीरकुर्व’ म्हणजे कचरापेटीत पडून असेल. तिथे ‘येनओप्रेट’ हा पर्याय निवडला की ती मूळ जागी परत येते. पेटी रिकामी केल्यावरही जुन्या चकतीच्या हार्ड डिस्कवर फाइलची नोंद तेवढी जाते, मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकू शकतो आणि विशेष सॉफ्टवेअरने तो शोधता येतो. हल्लीच्या एसएसडीवर, म्हणजे चकतीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, ही आशा फारशी धरू नये, कारण रिकामी झालेली जागा ती आपणहून साफ करत असते.

फाइल कार्यालयाच्या सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर असेल, तर गोष्ट वेगळी. तिथली फाइल सहसा तुमच्या पपीरकुर्वमध्ये येतच नाही, त्यामुळे ती तिथे शोधण्यात वेळ न घालवता संगणक विभागाकडे बॅकअपची चौकशी करावी, आणि तीही लवकर, कारण जुने बॅकअप ठरावीक मुदतीनंतर काढून टाकले जातात.